कवकाश्रयी वनस्पती

हरितद्रव्य गमावलेल्या आणि जमिनीतील बुरशीकडून अन्न मिळवणाऱ्या सपुष्प वनस्पती. जगात त्यांच्या चारशेहून अधिक जाती असून त्यांत आमरींचा (ऑर्किड) भरणा मोठा आहे. बांडगूळ किंवा गवताच्या मुळांवर वाढणारी एजिनेशिया दुसऱ्या झाडावर थेट पोसली जाते. कवकाश्रयी वनस्पतींत मात्र मध्ये बुरशी असते.

जुनी पाठ्यपुस्तके त्यांना मृतोपजीवी म्हणत, ते चूक आहे. कुजका पाला पचवणे फुलझाडांना साधत नाही. ते बुरशी करते; आमरींत तिचे तंतू मुळाच्या पेशींत शिरून वेटोळी घालतात आणि वनस्पती ती वेटोळीच पचवते. १८८२ मध्ये कामिएन्स्की यांनी मोनोट्रोपा या कवकाश्रयी वनस्पतीच्या मुळांवरून बुरशीशी असलेला हा संबंध ओळखला. १९६० मध्ये ब्यर्कमन यांनी सूचिपर्णी झाडांच्या खोडात किरणोत्सारी कार्बनची साखर टोचली, तेव्हा तो कार्बन शेजारच्या मोनोट्रोपात उतरलेला सापडला; म्हणजे बुरशी जिवंत झाडांकडूनही अन्न आणते.

सह्याद्रीतील ठळक उदाहरण म्हणजे एपिपोजियम रोझियम. डेव्हिड डॉन यांनी १८२५ मध्ये नेपाळमधील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. जमिनीखालील कंदातून फिकट, पोकळ दांडा वर येतो. त्यावर पान नाही, फक्त खवले आणि खाली झुकलेली मळकट पांढरी फुले. काही दिवसांत फळे पिकून सारे नाहीसे होते. तिच्या हरितलवकातील जनुकसंच जेमतेम १९ हजार बेसजोड्यांचा उरला आहे. सामान्य वनस्पतींत तो सुमारे दीड लाखाचा असतो. प्रकाशसंश्लेषणाचे एकही जनुक शिल्लक नाही.

रायगड जिल्ह्यात हा विषय परका नाही. नागोठणे, रोहा, पेण भागातील झाडांवर फुलणारी सीतेची वेणी ही आमरी हिरवी असली, तरी तिचे धुळीसारखे बी अन्नसाठ्याविना जन्मते आणि पहिले पान फुटेपर्यंत बुरशीवरच जगते. कवकाश्रयी वनस्पतींनी हे बालपण आयुष्यभर लांबवले आहे.

म्हणूनच त्यांना उपटून कुंडीत लावणे व्यर्थ असते. वणव्याने किंवा राबासाठी वारंवार गोळा केल्याने रानातला पाचोळा गेला, की तो कुजवणाऱ्या बुरशीचा आधार तुटतो आणि तिच्यावरची वनस्पतीही संपते. कंद जमिनीखाली आणि फुलोरा काही दिवसांचा, त्यामुळे पाहणीत त्या सहज निसटतात. एखाद्या रानात त्या नाहीत असे एका फेरीवरून ठरवू नये.