पिवळ्या पानातला तेलाचा थेंब

बालाघाटाच्या डोंगराखाली, काळ्या रानात, रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. कणीस भरू लागले की खालची पाने पिवळी पडतात. ओल लवकर आटली तर हा पिवळेपणा झपाट्याने वर चढतो, आणि दाणा बारीक राहणार हे बीडच्या शेतकऱ्याला बांधावरूनच कळते. पान मरताना काय करते, हे विज्ञानाला मात्र फार उशिरा उमगले.

पानाचा हिरवेपणा हरितलवकांत असतो. 1950 नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे पातळ काप पाहताना पडद्यांच्या चळतींशेजारी काळेभोर गोल ठिपके दिसू लागले. काप तयार करताना वापरलेले ऑस्मियम स्निग्ध पदार्थांना काळे करते. म्हणजे हे तेलाचे थेंब होते. 1960च्या दशकात जर्मनीतील हार्टमुट लिश्टेनथालर यांनी त्यांना 'प्लास्टोग्लोब्युली' हे नाव रूढ केले. त्यांत ई जीवनसत्त्व आणि प्रकाशसंश्लेषणात लागणारे प्लास्टोक्विनोन असते, हेही त्या काळात कळले. तरीही पुढे बरीच वर्षे या थेंबांकडे अडगळीची खोली म्हणूनच पाहिले गेले. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहावे तसे.

2006 साली चित्र पालटले. अमेरिकेत जोथम ऑस्टिन आणि अँड्र्यू स्टेहेलिन यांनी त्रिमितीय प्रतिमा काढून दाखवले, की हे थेंब सुटे तरंगत नसतात. पडद्याचाच बाहेरचा थर त्यांच्यावर आवरणासारखा चढलेला असतो. म्हणजे माल आत-बाहेर नेण्याची वाट उघडीच. त्याच वर्षी स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतील दोन गटांनी थेंबांवरची प्रथिने मोजली, तेव्हा त्यांत ई जीवनसत्त्व घडवणारे विकरही सापडले. अडगळ समजलेली खोली प्रत्यक्षात कारखाना निघाली.

पिवळेपणाचा उलगडा 2012 मध्ये पुढे सरकला. पान मोडताना पडदे विरघळतात. हरितद्रव्याची 'फायटॉल' ही शेपटी आणि मोकळी स्निग्धाम्ले तशीच साचली, तर साबणासारखी उरलेले पडदे खातील. जर्मनीतील संशोधकांनी दाखवले, की दोन विकरे या दोघांची सांगड घालतात आणि तयार झालेला निरुपद्रवी पदार्थ थेंबांत साठतो. म्हणून पिकल्या पानात थेंब फुगलेले दिसतात. पाण्याचा ताण पडला तरीही ते वाढतात. तोवर हरितलवकातल्या प्रथिनांचे नत्र कणसाकडे निघालेले असते. कपाशीवरचा लाल्या मात्र वेगळा; तो रंग हरितलवकात नसून पेशीरसात उतरतो.

ही कामे मुख्यतः अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या बारक्या रोपावर झाली. आपल्याकडे मोहोळच्या केंद्रावर स्वातंत्र्याआधीच निवडलेली मालदांडी 35-1 अजून पेरली जाते. ती निवडणाऱ्यांपुढे असले थेंब नव्हते. आटत्या ओलीवर तग धरणारे ताट, भरलेले कणीस आणि जनावर आवडीने खाईल असा कडबा, एवढ्यावरच त्यांनी ती उचलली.