चामड्याला सूर कशाला?

मी गवई नव्हे. उभे आयुष्य कामगार चळवळीत गेले. संगीताशी संबंध आला तो गेटसभेतल्या डफापुरता. पावसाळ्यातल्या एका सभेत डफ सर्दावून पार उतरला होता. शाहिराने रद्दी पेटवून तो शेकला, दोनदा थाप मारून पाहिली, आणि झाले! तुणतुण्याची तार मात्र त्याने गळ्याशी मिळवून घेतली. पुढे एका मैफलीत तबलजी हातोडी घेऊन गजऱ्यावर ठोके देत तबला तंबोऱ्याशी मिळवीत बसलेले पाहिले. एक चामडे सुराला बांधलेले, दुसरे मोकळे, हे का? या प्रश्नामागे लागून जे वाचले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रश्न पुरातन आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात कथा आहे की, कमळाच्या लहानमोठ्या पानांवर पडणाऱ्या पावसाचे निरनिराळे नाद स्वाती मुनींनी ऐकले आणि विश्वकर्म्याच्या साहाय्याने पुष्करवाद्ये घडवली. कथा राहू द्या. महत्त्वाचे हे की, त्या वाद्यांची तोंडे वेगवेगळ्या स्वरांत मिळवण्याच्या तीन रीती तेथे नावानिशी सांगितल्या आहेत: मायूरी, अर्धमायूरी आणि कार्मारवी. (संस्कृतात कर्मार म्हणजे लोहार, या नावापाशी मी जरा रेंगाळलो.) त्यासाठी चामड्यावर नदीकाठची माती लिंपीत. ‘ताल तो ताल, त्याला सूर कशाला?’ म्हणणाऱ्यांना दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेले आहे.

पण मातीच का? नुसत्या ताणलेल्या चामड्यातून एकाच वेळी अनेक नाद उठतात आणि त्यांचे प्रमाण १, १.५९, २.१४, २.३० असे वेडेवाकडे असते. कानाला त्यात ठाम स्वर सापडत नाही. म्हणून डफ कोणत्याही पट्टीच्या गाण्याबरोबर चालतो. त्याला भांडायला सूरच नाही! तबल्याचे तसे नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’मध्ये आणि पुढे १९३४ साली स्वतः सविस्तर दाखवले की, मधल्या शाईच्या वजनाने हे नाद १, २, ३, ४, ५ अशा सरळ प्रमाणात येतात, जसे तारेचे येतात. चामड्याला असा कंठ फुटला की मग ते तंबोऱ्याशी जुळलेच पाहिजे, नाहीतर षड्जाशेजारी खडा लागल्यासारखे होते. डग्ग्याची शाई मध्यावर नसते आणि त्याचा नाद मनगटाच्या दाबाने सरकतो, म्हणून त्याच्याकडून इतका काटेकोरपणा कोणी मागत नाही.

रामन यांनी मोजले. त्यांच्या कितीतरी आधी ते साधले होते कारागिराने. लोखंडाची पूड खळीत मळायची, पातळ थर द्यायचा, दगडाने घोटायचा, मग पुढचा थर. मुनींचे नाव राहिले, विश्वकर्म्याचेही राहिले. कातडे कमावणारा आणि शाई घोटणारा कोण, ते कुणी लिहून ठेवले नाही.

पुडी चढवणाऱ्या एका कारागिराला मी विचारले, “थर किती देता?” तो म्हणाला, “मोजत नाही दादा. वाजवून बघतो, बोलली की थांबतो.” मग समोरचा एक तबला दाखवून म्हणाला, “हा दोन-तीन सूर वरखाली होतो, जास्त नाही. गाणाऱ्यानं पट्टी बदलली तर दुसरा तबला घ्यावा. लोक यालाच ठोकत बसतात, पुडी फाटते आणि बोल मला लावतात.”