निजामाला 'तुम्ही बरोबरीचे नाही' असं कळवणारा व्हाइसरॉय

१७ सप्टेंबरच्या भाषणांत निजाम येतो, रझाकार येतात, सरदार पटेल येतात. लॉर्ड रीडिंगचं नाव कुणी घेत नाही. घ्यायला हवं, पण आभार मानायला नव्हे.

मूळ नाव रूफस आयझॅक्स. लंडनच्या ज्यू फळव्यापाऱ्याचा मुलगा. पोरवयात जहाजावर पोऱ्या म्हणून कलकत्त्याला येऊन गेलेला. शेअर बाजारात बुडाला, मग वकिलीत नाव काढलं. १९०४ ला रीडिंगमधून लिबरल पक्षाचा खासदार, १९१० ला ॲटर्नी जनरल. मार्कोनी कंपनीच्या शेअर्सवरून मोठा गदारोळ झाला, तरी १९१३ ला इंग्लंडचा सरन्यायाधीश. १९२१ ला भारताचा व्हाइसरॉय. गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली ती याच्याच काळात.

तेव्हा आपलं औरंगाबाद निजामाच्या राज्यात. शेजारचं वऱ्हाड मात्र १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांकडे गेलेलं. १९०२ ला कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतलं. १९२३ मध्ये निजाम मीर उस्मान अली यांनी वऱ्हाड परत मागितलं. परराष्ट्र व्यवहार सोडले तर आपण ब्रिटिशांच्या बरोबरीचे, असा त्यांचा दावा.

२७ मार्च १९२६ ला, पद सोडायच्या आठवडाभर आधी, रीडिंगने उत्तर धाडलं. सार एवढंच: हिंदुस्थानात ब्रिटिश ताज सर्वोच्च आहे, कुठल्याही संस्थानिकाने बरोबरीच्या नात्याने बोलू नये. पुढे १९३६ ला निजामाच्या किताबात 'वऱ्हाड' जोडलं गेलं, युवराज 'प्रिन्स ऑफ बेरार' झाले. कारभार इंग्रजांकडेच राहिला.

आता खरी गोम बघा. वऱ्हाड मागताना निजामाने तिथल्या लोकांना जबाबदार राज्यपद्धती देऊ केली होती. ती आपल्याला, म्हणजे त्याच्याच मराठवाड्यातल्या रयतेला, नव्हती. आणि स्वतः निवडून आलेल्या रीडिंगनेही सर्वोच्च ठरवला तो ताज, लोक नव्हेत. म्हणूनच १९४७ ला ताज निघाल्यावर निजाम म्हणू शकला, आता मी स्वतंत्र!

हल्ली कुणी निजामाचे गोडवे गातं, कुणी इंग्रजांचे. दोघांच्या पत्रव्यवहारात आपण फक्त मुलूख होतो. आपल्याला माणूस म्हणून मोजायला लावलं ते तुरुंगात गेलेल्यांनी, सत्याग्रहींनी. १७ सप्टेंबर त्यांचा आहे.