अमृतराव घाट: लघुप्रबंधाचा विषय कसा शोधावा व तपासावा

'काशीच्या विकासात मराठ्यांचे योगदान' असा विषय लघुप्रबंधासाठी निवडलात, तर चाळीस पाने भरतील, पण त्यांत तुमचे असे एक वाक्यही नसेल. अहिल्याबाई, शिंदे, भोसले, पेशवे यांची यादी होईल आणि ती यादी आधीच दहा पुस्तकांत आहे. दोष तुमचा नाही, विषयाचा आहे. एवढ्या मोठ्या विषयाला प्रश्न विचारता येत नाही. म्हणून आपण एकच घाट घेऊ आणि प्रबंध कसा उभा राहतो ते पाहू.

वाराणसीत दशाश्वमेधच्या दक्षिणेला, नारद घाटाच्या शेजारी जो राजा घाट आहे, त्याचे जुने नाव अमृतराव घाट. अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र, म्हणजे दुसऱ्या बाजीरावांचे थोरले भाऊ. बहुतेक ठिकाणी या घाटाची माहिती दोन वाक्यांत संपते: १७२० मध्ये पहिले बांधकाम झाले आणि १७८० ते १८०७ या काळात अमृतरावांनी तो दगडी पायऱ्यांनी पुन्हा बांधला. हे वाक्य उतरवून घेऊन पुढे जाण्याचा मोह होतो. तिथेच थांबा.

१७८० साली अमृतराव कुठे होते? तेव्हा ते पोरवयातले होते आणि रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला होते. १७८३ च्या अखेरीस रघुनाथराव कोपरगावला वारले. त्यानंतर त्यांच्या कुटुंबाला नाना फडणविसांनी नजरेखाली ठेवले. आधी आनंदवल्ली, मग शिवनेरी, असे १७९६ च्या सुमारापर्यंत चालले. म्हणजे वरच्या सत्तावीस वर्षांपैकी बारा-तेरा वर्षे ज्या माणसाने घाट बांधला असे आपण लिहिणार, तो कैदेत होता. मग वाक्य खोटे आहे का? तसेही लगेच म्हणता येत नाही. काशीत कारभारी नेमून दुरून बांधकाम करवून घेण्याची रीत होतीच. अहिल्याबाईंनी महेश्वरात राहून विश्वनाथाचे मंदिर बांधवले. पण त्यासाठी पैसा आणि मोकळीक लागते. कैदेतल्या माणसाकडे यांतले काय होते?

आता तुमच्याकडे प्रश्न आहे: अमृतरावांनी घाट नेमका केव्हा बांधला आणि पैसा कुठून आणला? या प्रश्नाला कागद उत्तर देऊ शकतो. प्रबंधाच्या विषयाची माझी कसोटी एवढीच. 'योगदान', 'महत्त्व', 'प्रभाव' या शब्दांना कागद उत्तर देत नाही.

पैशाचा माग काढताना आपण १८०२ वर येतो. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला आणि बाजीराव पुणे सोडून गेले. अमृतरावांच्या मुलाला, विनायकरावांना, पेशवेपदी बसवण्याचा होळकरांचा बेत होता. ३१ डिसेंबरला बाजीरावांनी वसईचा तह केला. इंग्रज फौज त्यांना परत आणायला निघाली, तेव्हा अमृतराव पुण्यात होते. पुढे १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी इंग्रजांशी स्वतंत्र करार केला. त्यांना सालीना सात लाख रुपये मिळू लागले आणि त्यांचे उरलेले आयुष्य कर्वी व काशी इकडेच गेले. १८२४ मध्ये ते वारले. सात लाख ही घाट बांधण्याजोगी रक्कम आहे. त्यामुळे बांधकामाचा मोठा भाग १८०३ नंतरचा असावा, असा तर्क तुम्ही मांडू शकता. 'असावा' हा शब्द मात्र सोडू नका. हिशेबाचा कागद हाती येईपर्यंत तो तर्कच राहतो.

याच टप्प्यावर एक गंभीर आरोप तुमच्या वाटेत येईल. अमृतराव पुणे जाळून टाकणार होते आणि आर्थर वेलस्लीने सुमारे साठ मैलांची दौड मारून २० एप्रिल १८०३ ला शहर वाचवले, असे अनेक पुस्तकांत सरळ विधान म्हणून छापलेले आहे. वेलस्लीने पुण्यात पोहोचल्यावर पाठवलेला अहवाल त्याच्या छापील पत्रव्यवहारात आहे. तो वाचा. जाळपोळीच्या बेताची खबर त्याला कर्नल क्लोजकडून मिळत होती आणि क्लोज बाजीरावांकडे नेमलेला रेसिडेंट होता. अमृतरावांनी पेशव्यांचे कुटुंब सिंहगडावर हलवले, यावरून शहर जाळायची तयारी चालली आहे असा लोकांचा समज झाला, असे वेलस्ली लिहितो. आणि अमृतराव घाईने निघून गेले तेव्हा शहर सुखरूप होते, असेही तोच लिहितो. म्हणजे साक्षीदार कोण? शत्रुपक्षाच्या गोटातून आलेली बातमी. तिच्यावर एका माणसाला दोनशे वर्षे आग लावणारा ठरवले गेले. बेत खरा असेलही. पण 'अमृतराव पुणे जाळणार होते' आणि 'अमृतराव पुणे जाळणार असल्याची खबर वेलस्लीला होती' या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेवढाच तुमच्या तळटीपेचा उपयोग. तळटीप म्हणजे विद्वत्तेची सजावट नव्हे. हे कोणाला, कसे ठाऊक झाले, ते सांगायची ती जागा आहे.

साम्य तपासणाऱ्या संगणकप्रणालीचा धाक आता सगळ्यांना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून विद्यार्थी शब्द फिरवून टक्केवारी खाली आणतात. (अभियांत्रिकीच्या सेमिनार अहवालांत मी हा उद्योग दर सहामाहीला पाहतो.) '१७८० ते १८०७' हे शब्द कसेही फिरवले, तरी अमृतराव कैदेतून सुटत नाहीत. यंत्र शब्द मोजते. साल जुळते का, हे तुम्हालाच पाहावे लागते.

साधने अनपेक्षित जागी सापडतात. विनायकरावांचे दत्तक पुत्र नारायणराव व माधवराव १८५७ च्या उठावात ओढले गेले. इंग्रजांनी कर्वीचा खजिना लुटला आणि त्या लुटीच्या वाटपावरून लंडनच्या न्यायालयात खटला चालला. १८६६ मधला तो निकाल छापलेला आहे. पेशवे कुटुंबाच्या उत्तरेतल्या संपत्तीबद्दल मराठी बखरीत शोधत बसण्याआधी तिथे पाहा. मोडी येत नसेल तर छापील साधनांपासून सुरुवात करा: राजवाड्यांचे खंड, सरदेसायांनी संपादित केलेली पेशवे दफ्तरातील निवड, पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार. मात्र विषयात रमलात तर मोडी शिकाच.

लेखनाची सुरुवात प्रस्तावनेपासून करू नका. ज्या कागदावर तुमची पकड आहे त्यावरची दोन पाने आधी लिहा. इथे ती वेलस्लीच्या अहवालावरची असतील. प्रस्तावना शेवटी लिहावी, कारण आपण काय सिद्ध केले ते तोवर आपल्यालाच कळलेले नसते. मार्गदर्शकांकडे जाताना 'सर, काय लिहू?' असे विचारण्यापेक्षा ही दोन पाने घेऊन जा. भेट दहा मिनिटांची असली तरी उपयोगी पडेल.

आणि घाटावर प्रत्यक्ष जाता आले तर टेप घेऊन जा. पायऱ्यांची उंची, दगडांचा आकार, जुने बांधकाम आणि डागडुजी यांतला सांधा, हे सगळे नोंदवा, छायाचित्राशेजारी मोजपट्टी ठेवा. जुलैनंतर गंगा चढू लागते आणि खालच्या पायऱ्या पाण्यात जातात, त्यामुळे मोजमाप मे महिन्यातच उरकून घ्या.