जुन्या सूचिपत्रांतील मोटार

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखान्याच्या दारापासून आरंभ करतात आणि नवी गाडी रस्त्यावर आली की लेखणी खाली ठेवतात. वस्तुतः गाडीचा खरा संसार तेथून पुढे सुरू होतो. टायर फुटतो, स्प्रिंग तुटते, आस वाकतो. आणि मग ती गाडी पुन्हा चालणार की मोडीत निघणार, हे सुटा भाग कोठे, किती दिवसांत व किती किमतीस मिळतो यावर ठरते. अमेरिकेतील गाड्यांच्या या उत्तरायुष्याचा इतिहास ज्यास पाहावयाचा असेल, त्याने आमच्या मते शिकागोच्या मोठमोठ्या भांडारांची जुनी सूचिपत्रे उघडावीत.

टपालाने माल पाठविण्याचा हा व्यापार मोटारीहून जुना. ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी 1872 साली शिकागोत तो सुरू केला तेव्हा त्यांची मूल्यसूची म्हणजे एकच कागद होता आणि तीवर 163 वस्तू होत्या. रिचर्ड सीअर्स हे मिनेसोटा राज्यातील एका लहानशा रेल्वे स्टेशनवरचे एजंट. 1886 साली त्यांनी घड्याळे विकण्यास आरंभ केला, पुढे घड्याळजी रोबक यांस जोडीला घेतले, आणि 1893 पासून ‘सीअर्स, रोबक आणि कंपनी’ हे नाव रूढ झाले. दोनच वर्षांत त्यांचे सूचिपत्र पाचशे पृष्ठांपलीकडे गेले. गिऱ्हाईक मुख्यतः शेतकरी. त्यांत नुकतेच युरोपातून आलेलेही पुष्कळ. म्हणून ज्याला जी भाषा येते तीत त्याने बिनदिक्कत मागणी लिहावी, असे सूचिपत्रातच सांगितलेले असे, आणि जर्मन व स्वीडिश भाषांत सूचनाही छापीत. परभाषेच्या मुलखात राहण्याचा अनुभव असलेल्या आमच्या वाचकांना या सौजन्याचे मोल सांगणे न लगे.

टपालखात्याशी संबंध आलेल्या वाचकांस आणखी एका गोष्टीची गंमत वाटेल. अमेरिकेत सरकारी पार्सल टपाल सुरू झाले ते 1 जानेवारी 1913 रोजी, आणि माल हाती आल्यावर पोस्टमनजवळ पैसे देण्याची सोय झाली त्याच वर्षीच्या जुलैत. आपल्याकडे व्ही. पी. 1877 सालीच आली होती. या एका बाबतीत तरी आपले खाते साहेबाच्या नव्हे, तर अमेरिकेच्या छत्तीस वर्षे पुढे होते!

पार्सल टपाल सुरू झाले, आणि त्याच वर्षी हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. फोर्डची ‘मॉडेल टी’ 1908 ते 1927 अशी एकोणीस वर्षे निघाली. तिची संख्या दीड कोटीवर गेली. आरंभी साडेआठशे डॉलरांची ही गाडी 1925 च्या सुमारास, सर्वांत साध्या रूपात, दोनशे साठ डॉलरांस मिळू लागली. पण स्वस्ताईची किंमत अन्य मार्गाने चुकवावी लागे. गाडीत पेट्रोल किती उरले हे दाखविणारे यंत्र नव्हते. पुढची बैठक उचलावी, टाकीत काठी बुडवावी आणि ओल कोठवर आली ते पाहावे. पाणी खेळविण्यास पंप नव्हता. ते तापून आपसूक वर चढे आणि निवून खाली उतरे. पेट्रोलही टाकीतून केवळ उताराने येत असल्यामुळे टाकी कमी भरलेली असली आणि चढण उभी लागली की गाडी उलटी फिरवून मागच्या मागे टेकडी चढवावी लागे.

गाडीतील या उणिवांवर सूचिपत्रांची भरभराट झाली. पाण्याचे पंप, धक्के सोसणारी यंत्रे, वेगमापके, आरसे, भोंगे, दिवे, टप फाटला तर नवे कापड, चाक उचलण्याचे जॅक, ट्यूबला ठिगळ लावण्याचे सामान — पानेच्या पाने भरत. शिवाय प्रत्यक्ष सुटे भाग होतेच. गियर बदलण्याच्या पट्ट्यांचे अस्तर पायाखाली झिजून जाई. ते घरीच बदलावयाचे. यात फोर्डच्या हट्टाचा मोठा वाटा होता. त्यांनी या गाडीचे मूळ यंत्र एकोणीस वर्षे फारसे बदलू दिले नाही. त्यामुळे बहुतेक भाग एका साच्याचे राहिले आणि एकाच चित्राखाली, एकाच क्रमांकाने, लाखो मालकांची गरज भागविता आली. दर वर्षी नवा साचा निघता, तर शिकागोच्या कोठारांत एवढे निरनिराळे भाग साठविणे कोणासही परवडले नसते.

खुद्द मोटारच टपालाच्या मागणीवर विकण्याचा प्रयोगही सीअर्सने 1908 पासून करून पाहिला. उंच चाकांची, भरीव रबराच्या धावांची ती ‘मोटर बग्गी’ घोड्याच्या गाडीसारखीच दिसे. साडेतीन हजारांच्या आसपास गाड्या खपल्या आणि 1912 मध्ये प्रकरण संपले. यंत्र विकण्यापेक्षा यंत्राची मोडतोड निस्तरणे अधिक किफायतीचे, हे व्यापाऱ्यांस तेव्हाच उमगले असावे.

गावोगावच्या दुकानदारांना मात्र हे सारे डोळ्यांत सलत होते. काही ठिकाणी त्यांनी लोकांकडून सूचिपत्रे गोळा करून त्यांची होळी केली. दक्षिणेकडील राज्यांत या द्वेषास आणखी एक काळी किनार होती. तेथे कृष्णवर्णीय शेतकऱ्यास गावच्या दुकानात गोरी गिऱ्हाइके संपेपर्यंत तिष्ठावे लागे, उधारीच्या वहीत अडकून राहावे लागे आणि वर अपमान गिळावा लागे. सूचिपत्रातील किंमत सर्वांस एकच होती. मागणीच्या कागदावर कातडीचा रंग उमटत नाही. अशी गिऱ्हाइके हातची जाताहेत असे पाहून विरोधकांनी सीअर्स व रोबक हे स्वतःच कृष्णवर्णीय असल्याची आवई उठविली. मोटारीच्या इतिहासात या गोष्टीस क्वचितच स्थान मिळते. आम्हांस ती टायरच्या किमतींहून महत्त्वाची वाटते.

1920 नंतरच्या दशकात वारे फिरले. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी दर वर्षी गाडीचे रूप बदलण्याचे धोरण अंगीकारले. जुनी गाडी चालू असली तरी ती जुनी दिसावी, हा त्यातील हेतू. 1927 साली फोर्डनेही हार मानून ‘मॉडेल टी’ बंद केली. परंतु कारखान्याने सोडलेली गाडी सूचिपत्राने सोडली नाही. ई. बी. व्हाइट यांनी रिचर्ड स्ट्राउट यांच्या सहकार्याने 1936 साली ‘न्यू यॉर्कर’मध्ये या गाडीवर लिहिलेला मृत्युलेख प्रसिद्ध आहे. 1909 च्या गाडीचा आस सीअर्सच्या सूचिपत्रात त्या वर्षीही मिळत असल्याची नोंद त्यात आहे. मात्र एके काळी पुरुषांच्या कपड्यांहून अधिक जागा अडविणारा हा विभाग एका पानावर आल्याचे दुःखही आहे. गाडीची नाडी किती मंदावली, हे त्यांनी पृष्ठसंख्येवरून ओळखले.

सीअर्सने हात आखडता घेतला तेथे शिकागोतीलच जे. सी. व्हिटनी ही पेढी पुढे सरसावली. ते भांडार नव्हे. लिथुएनियाहून आलेल्या इस्राएल वॉर्शावस्की यांनी 1915 मध्ये काढलेला भंगाराचा धंदा होता. बुडालेल्या मोटार-कारखान्यांचा माल ते विकत घेत. 1934 च्या सुमारास त्यांच्या मुलाने मासिकात जाहिरात देऊन सूचिपत्र विकण्यास आरंभ केला. पुढे 1942 च्या फेब्रुवारीत युद्धापायी खासगी गाड्यांचे उत्पादनच थांबले, आणि होती ती गाडी चालती ठेवणे ही हौस न राहता निकड झाली.

वॉर्डचे सूचिपत्र 1985 मध्ये आणि सीअर्सचे मोठे सूचिपत्र 1993 मध्ये बंद पडले. आता त्यांतून आस मागविता येत नाही. तरीही जुन्या गाड्यांचे शौकीन ती धुंडाळतात, कारण अमुक तऱ्हेचा दिवा कोणत्या साली मिळू लागला, त्याची किंमत काय होती, तो पितळी होता की निकेल चढविलेला, याचा पुरावा तेथे चित्रासह सापडतो. मात्र एक सावधगिरी हवी. अमुक वस्तू विक्रीस होती एवढेच सूचिपत्र सांगते. ती अमुक गाडीवर बसविली होती, हे नव्हे. आणि जुने सूचिपत्र मिळणे हीच मुळात अडचण. नवे आले की जुने पोरांच्या हाती कात्रीसाठी जाई, किंवा अंगणामागील शौचकूपात खिळ्यास टांगले जाई. सर्वाधिक छापली गेलेली ही पुस्तके त्यामुळेच फार थोडी शिल्लक राहिली, आणि जी हाती येतात त्यांतून मोटारीच्या सामानाचीच पाने पुष्कळदा फाडून नेलेली असतात.