रक्तातील साखर आणि शल्यविशारदाची सुरी

स्थूल मनुष्य दिसला की ‘याच्या तोंडाला आवर नाही’ असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो. हा निवाडा किती उथळ आहे ते शल्यविशारदांनी दाखवून दिले, आणि तेही जवळजवळ नकळत.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन जठरव्रणाच्या शस्त्रक्रिया करीत. जठराचा बराच भाग काढलेल्या रोग्यांचे वजन सहसा वाढत नाही, हे त्यांनी हेरले आणि १९६६ साली डॉ. चिकाशी इटो यांच्या साहाय्याने अतिस्थूलतेवर नवी शस्त्रक्रिया योजिली. जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी राखावयाची व तिला लहान आतड्याचा पुढील भाग जोडावयाचा. हेतू एवढाच, की खाणे कमी व्हावे.

घडले निराळेच. उत्तर कॅरोलिनातील डॉ. वॉल्टर पोरीज यांच्या मधुमेही रोग्यांची साखर, वजन उतरण्याची वाट न पाहता, काही दिवसांतच उतरू लागली. त्यांनी १९९५ साली ६०८ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील १४६ मधुमेह्यांपैकी १२१ जणांची साखर पुढेही प्राकृत राहिली होती.

असे का व्हावे? आरंभी पोटात अन्नच थोडे जाते, हे एक कारण. शिवाय अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचते, आणि तेथून जीएलपी-१ नावाचा अंतःस्राव अधिक स्रवतो. तो स्वादुपिंडास इन्सुलिन सोडावयास लावतो व मेंदूस तृप्तीचा निरोप पोहोचवितो. आतडे ही केवळ अन्नाची नळी, असे आम्ही शाळेत शिकलो होतो!

२०२० साली मात्र सेंट लुईस येथील संशोधकांनी या कौतुकास थोडा लगाम घातला. ११ मधुमेह्यांचे वजन त्यांनी निव्वळ आहाराने व ११ जणांचे शस्त्रक्रियेने, सारखेच, सुमारे १८ टक्के उतरविले. लाभही सारखेच आढळले! मग सुरीचे श्रेय कोणते? माझ्या मते ते आहेच. पथ्याने इतके वजन उतरविणारे विरळा. उतरलेले टिकविणारे त्याहून विरळा. कारण वजन घटले की देहच भूक वाढवितो आणि उष्मांकांच्या खर्चात हात आखडता घेतो. शस्त्रक्रियेनंतर ही भूक बहुधा मंदावते. दोष जिभेचा की देहाच्या या हट्टाचा, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

काहींचा मधुमेह काही वर्षांनी परततो, हेही सांगितले पाहिजे. आणि ब-१२ जीवनसत्त्व, लोह वगैरेंची पूर्ती जन्मभर करावी लागते.