घर कुणाच्या नावावर?



आमच्या एका गटातल्या ताईंनी कर्ज काढून घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब टाकला. शिवणकाम करून सगळे हप्ते फेडले. मग त्यांचे मालक वारले. वाटणीची बोलणी सुरू झाली तेव्हा कळलं, की घर अजून वारलेल्या सासऱ्यांच्याच नावावर आहे. स्लॅब ताईंच्या पैशाचा, पण घरात हिस्सा सगळ्या दीर-नणंदांचा. दर महिन्याला हप्त्याची वही तपासणाऱ्या आम्ही, घराचा उतारा एकदाही मागितला नव्हता. चूक आमचीही झाली.

म्हणून आज बोलूया घरावर बाईचं नाव कसं येत गेलं त्याबद्दल.

१९३७ साली कायदा झाला, तेव्हा हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा मिळाला. पण तो हयातीपुरताच. तिला तो आपल्या मर्जीने विकता येत नव्हता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईला मिळालेली मिळकत पूर्ण तिच्या मालकीची केली. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती भगिनींचे वारसाचे नियम वेगळे आहेत.

पण १९५६ च्या कायद्यात राहत्या घरापुरती एक मेख होती. घरात कुटुंब राहत असेल, तर पुरुष वारस वाटणी करत नाहीत तोवर मुलीला आपला हिस्सा वेगळा मागता येत नसे. लग्न न झालेली, टाकलेली, वेगळी राहणारी किंवा विधवा मुलगी तिथे राहू शकत होती, एवढंच. ही अट निघायला २००५ साल उजाडावं लागलं. त्याच वर्षी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क देशभर मिळाला. महाराष्ट्राने तो १९९४ मध्येच दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून.

सुनेसाठी मोठं पाऊल पडलं ते २००३ साली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी, असं सरकारने ठरवलं. तरी कितीतरी गावांत ही नोंद अजून एकट्या पुरुषाचीच दिसते, कारण कुणी अर्जच केला नाही. कायदा पुस्तकात आला तरी उताऱ्यावर आपोआप येत नाही.

आता घर घेताना, बांधताना काय पाहायचं?

पैसा घालण्याआधी उतारा काढा. सासरे वारले असतील तर आधी वारसनोंद करून घ्या. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका मागा आणि तिच्यावर कुणाचं नाव लागलंय ते वाचा.

जागा विकत घेताना स्टॅम्प पेपरवर नोटरी केली म्हणजे खरेदी झाली, असं समजू नका. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं.

२०२१ पासून आपल्या राज्यात राहतं घर फक्त बाईच्या नावे घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. दहा लाखांच्या घरामागे दहा हजार वाचतात. नवऱ्याचं स्वतःचं घर असेल, तर तो बक्षीसपत्राने बायकोला देऊ शकतो. त्याला मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं, बाकी कर आणि फी वेगळी.

आमच्या गटांनी आता ठराव केला आहे, की घरासाठी कर्ज हवं असेल तर अर्जासोबत उतारा जोडायचा. नाव नसेल तर आधी नावाचा अर्ज, मग कर्ज. सुरुवातीला बायका कुरकुरल्या. मग एकेक जण पंचायतीत जाऊ लागली. त्या ताई आता आमच्या सोबत येतात आणि उतारा कसा वाचायचा ते त्याच सगळ्यांना शिकवतात.

तुमच्या पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीसोबत घराचा उताराही घेऊन या.